केंपो म्हणजे कराटेच का? मुलीला लावू की नको? (नागपूर)

भांडेवाला_इतवारी

नमस्कार मंडळी. इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार कुत्रं फिरकत नाही, म्हणून लिहून राह्यलो. लांबलं तर सांभाळून घ्या.

पोरगी तेरा वर्षांची. चार वर्षं कराटेच्या क्लासला जात होती. क्लासचं नाव घेत नाही, घेऊन काही फायदाही नाही. दर तीन-चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा. परीक्षेची फी वेगळी, सर्टिफिकेटची वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे. ब्राऊन बेल्टपर्यंत आली. अकरा मेडल आहेत. आमच्या हिनं शोकेसमधले काचेचे पेले काढून तिथं मेडल लावले.

आता खरी गोष्ट. भाऊबीजेला बहीण आली होती. तिचा पोरगा सतरा वर्षांचा, अंगानं भरलेला. जेवणं झाल्यावर त्यानं मस्करीत पोरीचं मनगट धरलं आणि म्हणाला, "चल ब्राऊन बेल्ट, सोडव." तिनं ओढलं. नाही सुटलं. पाय उचलून किकची पोज घेतली, त्यानं नुसतं गोल फिरवलं तिला. सगळे हसले. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. रात्री बघतो तर पोरगी गच्चीवर एकटी बसली होती. म्हणे, "बाबा, क्लासमध्ये आम्हाला कोणी कधी धरलंच नाही. आम्ही हवेतच मारत होतो."

तेव्हापासून क्लास बंद. मागच्या आठवड्यात पेपरातून एक पॅम्प्लेट पडलं. "केंपो-कराटे-सेल्फ डिफेन्स. १८ महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी. या महिन्यात प्रवेश घेणाऱ्यास ड्रेस फ्री." आता हे केंपो काय प्रकरण आहे? कराटेलाच नवीन नाव देऊन विकून राह्यले का? की खरंच वेगळं असतं काही? कोणी केलं असेल तर सांगा. गुगलवर पाहिलं तर एक अमेरिकेचं दाखवते, एक जपानचं, डोकं आऊट झालं.

महालचा_गडी

भाऊ, काहून एवढा विचार करता? आखाड्यात टाका. पहिल्या मिनिटाला धरतात आणि दुसऱ्या मिनिटाला मातीत. धरलंच नाही अशी तक्रार राहणार नाही. ना ड्रेस, ना बेल्ट. लंगोट आणि नारळ, विषय संपला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला जाऊन कबड्डी आणि देशी खेळ दाखवून आली होती. आपल्या घरी एवढं असून जपानचं कशाला पाहिजे बावा?

(आमच्याकडे पोरींची बॅच नाही, हे मात्र खरं. उस्तादांना दोनदा बोललो. "बघू" म्हणतात.)

तादोत्सू_ते_त्रिमूर्तीनगर

दादा, आधी मुलीला सांगा की लाज वाटून घेऊ नको. ओसाकात पहिल्या दिवशी सत्तरीच्या एका आजोबांनी माझं मनगट धरलं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची, रोज अंबाझरीला दोन चकरा मारून गेलेली. नाही सुटलं. आजोबा हसले नाहीत, एवढाच काय तो तुमच्या भाच्यात आणि त्यांच्यात फरक.

मी कंपनीच्या कामानं चार वर्षं ओसाकात होते, मशीनच्या मॅन्युअलची भाषांतरं करायचे. तिथं घरामागच्या शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी शोरिंजी केंपो शिकले. तेव्हा जे सांगते ते त्या एका घराण्याचं. बाकीच्यांबद्दल ऐकीव आणि वाचीव.

केंपो हे एकाच पद्धतीचं नाव नाही, म्हणून तुमचं डोकं आऊट झालं. मूठ आणि रीत अशी दोन चिनी अक्षरं आहेत. चिनी माणूस ती "छ्वानफा" वाचतो, जपानी "केंपो". कोणी केन्पो लिहितं, शब्द तोच. आपण "कुस्ती" म्हणतो तसा ढोबळ शब्द. गिचिन फुनाकोशींनी १९२२ मध्ये कराटेवर पहिलं पुस्तक काढलं, त्याच्या नावातही केंपो आहे. म्हणजे "केंपो-कराटे" लिहिणारा खोटंच बोलतो असं नाही. पण तेवढ्यावरून तो काय शिकवणार हेही कळत नाही.

अमेरिकेचं जे दिसलं ते हवाईहून गेलेलं. मितोसे, त्यांच्याकडून विल्यम चाऊ, त्यांच्याकडून एड पार्कर. एल्विस प्रेस्ली पार्करांकडे शिकायचा. पार्करांनीच १९६४ मध्ये लाँग बीचला भरवलेल्या स्पर्धेत ब्रूस लीनं प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून त्याचं नाव झालं. ओसाकातच १९३२ मध्ये निघालेलं निप्पोन केंपो आणखी वेगळं, त्यात तोंडाला जाळी आणि छातीला चिलखत बांधून खरोखर ठोकतात. आणि आमचं शोरिंजी केंपो १९४७ मधलं. शिकोकू बेटावर तादोत्सू नावाचं छोटं गाव आहे, तिथं दोशिन सो यांनी सुरू केलं. जपान महायुद्ध हरल्यावर मंचुरियातून (चीनचा ईशान्य भाग) परत आलेला माणूस. गावात पोरं उनाड फिरत होती, काळाबाजार जोरात. यांनी आधी चांगुलपणावर बोलून पाहिलं, कोणी बसेना. मग डाव शिकवायला लागले, तेव्हा पोरं टिकली. आमचे सेन्सेई (गुरुजी) हे सांगताना नेहमी म्हणायचे, "डाव हे गळाला लावलेलं आमिष आहे." मला तेव्हा पटायचं नाही. मी आमिषासाठीच जात होते.

आता मनगट. कोणी धरलं की आपण मूठ आवळतो आणि मागे ओढतो. ओढाओढीत ज्याचं वजन जास्त तो जिंकतो, तिथंच मुलगी अडकली. पहिला धडा याच्या उलट असतो. ओढायचं नाही. पाचही बोटं ताणून उघडायची, अर्धं पाऊल त्याच्याकडेच टाकायचं आणि कोपर बरगडीला चिकटवायचं. हात आकड्यासारखा वाकतो. त्याला कागिते म्हणतात, कागि म्हणजे आकडाच. आता त्यानं ओढलं तर नुसता हात जात नाही, तुमचं अख्खं अंग ओढावं लागतं. तेवढ्यात मोकळ्या हाताच्या बोटांचा फटकारा त्याच्या डोळ्यांसमोर. लागायची गरज नाही, पापणी मिटली की झालं. पापणी मिटते तेव्हा पकड क्षणभर विसरते. मग त्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात ती फट शोधायची आणि कोपर पुढे सरकवत मनगटाची अरुंद बाजू त्या फटीतून बाहेर काढायची. याचं नाव कोते-नुकी. मनगटाला बांगडीतून काढतात तसं, फक्त बांगडी जिवंत असते.

हे वाचून येत नाही. माझा पूर्ण महिना गेला. आणि महिनाभर दर क्लासला कोणीतरी मला धरलं, म्हणून आलं. तुमच्या मुलीनं गच्चीवर म्हटलेल्या वाक्याचं उत्तर आमच्याकडे नियमातच लिहिलेलं आहे. सराव जोडीनंच करायचा, एकट्याचा फक्त पूरक. एक जण धरतो, एक जण सोडवतो, मग अदलाबदल. धरणाऱ्याचं काम सोपं वाटतं, तेच जास्त अवघड. सैल धरलं तर समोरच्याला खोटं यश मिळतं. सूड काढल्यासारखं धरलं तर तो घाबरून आखडतो. त्याला आज जेवढं पेलेल त्याच्या बोटभर वर धरायचं. "अर्धं आपल्या सुखासाठी, अर्धं दुसऱ्याच्या" असं एक वाक्य तिथं सारखं कानावर पडतं. भिंतीवर वाचताना ते शाळेतल्या सुविचारासारखं वाटतं. आजोबा दर वेळी मी स्वतः सुटेपर्यंत धरून ठेवायचे, तेव्हा ते कळलं.

बाकीचं थोडक्यात. आधी बचाव, मग प्रहार. मारण्याआधी पाहायचं की न मारता भागतं का. हॉलच्या दारात चपला जुळवून, तोंड बाहेर करून ठेवायच्या. एकाची वाकडी असेल तर दुसऱ्यानं न बोलता सरळ करायची. शेवटी सगळ्यांनी मिळून फरशी पुसायची, काळ्या पट्टेवाल्यांनी आधी. सेन्सेई दिवसा कुरिअरची गाडी चालवायचे, फी हॉलच्या भाड्यापुरती. परीक्षेत डावांसोबत निबंध लिहावा लागायचा. माझ्या जपानीत! काळ्या पट्ट्याला मला साडेतीन वर्षं लागली, आणि मी तिथली मंद विद्यार्थिनी नव्हते.

तेव्हा १८ महिन्यांची हमी बघून मला त्या ड्रेसची काळजी वाटते. फ्री ड्रेसचे पैसे कुठून तरी निघणारच. जाऊन विचारा की केंपो कोणतं, तुम्ही कोणाकडे शिकलात, आणि अजून शिकता का. तिसऱ्या प्रश्नावर माणूस चिडला तर उठून या. आणि मुलीला एक तास बसू द्या. त्या तासात तिला कोणी धरलं का, एवढंच घरी येताना विचारा.

भांडेवाला_इतवारी

ताई, दुकानात उभ्यानं दोनदा वाचलं. नोकराचं मनगट धरून पाहिलं, तो म्हणे शेठ पगार वाढवून मागितला म्हणून का? नागपुरात तुमच्यावालं कुठं शिकवतात?

तादोत्सू_ते_त्रिमूर्तीनगर

मला माहीत असलेलं नागपुरात कोणी नाही, दादा. दुखरी नस दाबलीत.

२०१९ मध्ये परत आले तेव्हा मिहानमधली एक सहकारी जोडीदार म्हणून मिळाली होती. दोघी सकाळी बागेत करायचो. फिरायला आलेले काका थांबून विचारायचे, भांडण झालं का? मग तिची बदली बंगळुरूला झाली. सहा महिने मी एकटीच गच्चीवर हवेत हात मारत होते. तुमच्या मुलीसारखीच. काळा पट्टा असून.

मग सासूबाई. उमरेडच्या, वय अडुसष्ट, अर्धं आयुष्य विहिरीचं पाणी ओढलेले हात. एकदा गच्चीवर वड्या वाळत घालायला आल्या आणि बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे जे करून राह्यली, त्यात दुसरं माणूस कुठं आहे?" मी म्हटलं, नाही मिळत. तर म्हणाल्या, "थांब." हातातल्या पाटल्या काढल्या, पदराला पुसल्या, कठड्यावर ठेवल्या. "तुला लागतील." आणि मग माझं मनगट असं धरलं की मला आजोबा आठवले.

ओसाकात सगळे शिकवल्यासारखं धरायचे, सरळ. सासूबाईंनी धरलं ते वरून, थोडं तिरकं, अंगठा आत दाबून, आणि धरल्या धरल्या मला दाराकडे ओढायला लागल्या. तीन वर्षं घोटलेलं कोते-नुकी तिथंच विरघळलं. फट होती तिथं नव्हतीच. डोळ्यांसमोर फटकारा मारायची तर हिंमत होईना, सासूबाई आहेत! शेवटी त्यांनीच सोडलं आणि म्हणाल्या, "सुटली नाही तू." त्या दिवसापासून रोज वीस मिनिटं. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, नंतर गच्ची तव्यासारखी होते. आता त्यांना सोडवणंही येतं. मी धरलं की आधी विचारतात, "मग मी तुला मारू कधी?" बचाव आधी, प्रहार नंतर, हे मी सांगून थकले.

महालचा_गडी

सासूबाईंना आखाड्यात पाठवा. उस्तादांचं "बघू" त्याच दिवशी संपते का नाही पाहा.

इंदोरा_चौक

ताई, एक विचारायचं होतं. शोरिंजी म्हणजे शाओलिनच ना? मग हे सगळं बोधिधर्मानं भारतातून नेलं, असं म्हणतात ते खरं का? आमच्या विहारात पोरांना कोणी हे सांगितलं की पोरं लगेच ताठ बसतात. आणि हे लोक नमस्कार कसा करतात, जपानी वाकून का?

तादोत्सू_ते_त्रिमूर्तीनगर

हो, शोरिंजी हा शाओलिन मंदिराचा जपानी उच्चार. बोधिधर्माबद्दल मात्र पोरांना जरा जपून सांगा. कांचीचा राजपुत्र, शाओलिनला गेला, भिक्षूंना व्यायाम शिकवला, ही कथा मलाही फार आवडते. पण बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात आणि व्यायामाची गोष्ट ज्या पोथीवरून आली ती सतराव्या शतकातली. मध्ये हजार वर्षांहून जास्त अंतर. दोशिन सोंना भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. शाओलिनच्या एका दालनाच्या भिंतीवर चित्र आहे. भिक्षू जोडीजोडीनं सराव करतायत, काही गोरे, काही काळेसावळे, आणि कोणाच्या चेहऱ्यावर राग नाही. त्यांनी ते पाहिलं आणि जोडीनं शिकायची कल्पना तिथून घेतली, असं ते सांगायचे. आमच्या हॉलमध्ये त्याचा फोटो होता.

नमस्कार तर ऐका. वाकत नाहीत. दोन्ही तळवे जोडून हात डोळ्यांच्या पातळीवर, नजर बोटांवरून समोरच्याकडे. गाश्शो म्हणतात. पहिल्या दिवशी सगळे मला चार-चारदा सुधारत होते, कोपरं वर घ्या, बोटं थोडी उघडा. मी मनात म्हटलं, नमस्कार शिकायला मी नागपूरहून इथवर आले! पूर्वी छातीवर आपलं स्वस्तिकासारखं चिन्हही असायचं, मांजी. युरोपात त्याचा वेगळाच अर्थ निघतो, म्हणून २००५ मध्ये दोन कड्यांचं नवीन चिन्ह आलं.

आणि एक गोष्ट तुम्हीच सांगू शकाल असं वाटतंय. सराव सुरू व्हायच्या आधी डोळे मिटून बसायचं आणि सगळ्यांनी एकसुरात काही ओळी म्हणायच्या. पहिली ओळ अशी: ओनोरे कोसो ओनोरे नो योरुबे, ओनोरे ओ ओकिते तारे नी योरुबे झो. अर्थ असा की आपणच आपला आधार, आपल्याला सोडून आणखी कोणाचा आधार घेणार. पुढे, नीट वळण लावलेला आपणच तो दुर्मिळ आधार. मी चार वर्षं घोकलं. कुठून आलं ते कोणी सांगितलं होतं, पण तेव्हा माझं जपानी कच्चं, नाव कळलंच नाही.

इंदोरा_चौक

ताई, अंगावर काटा आला. हे धम्मपद आहे! अत्तवग्ग, १६० वी गाथा. "अत्ता हि अत्तनो नाथो, को हि नाथो परो सिया. अत्तना हि सुदन्तेन, नाथं लभति दुल्लभं." सुदन्त म्हणजे नीट वळण लावलेला, शब्दाला शब्द लागतो. माझी आजी लिहिता-वाचता न येणारी, १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होती. तिला ही गाथा पाठ होती. आईला तिनंच शिकवली. तुम्ही ओसाकात तीच म्हणत होत्या! सुरई ससाई भंतेजी जपानहून येऊन इथं इंदोऱ्यात राहिले, कामठीला जपानी मदतीनं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर उभं राहिलं, हे तर आम्ही लहानपणापासून पाहतो. पण तिकडच्या शाळेच्या हॉलमध्ये मनगट सोडवायच्या आधी कोणी अत्तवग्ग म्हणते, हे आज कळलं.

आता माझा साधा प्रश्न. गाथा म्हणते आपणच आपला आधार. आणि तुम्ही वर लिहिलं की जोडीदाराशिवाय काही येत नाही. मग?

तादोत्सू_ते_त्रिमूर्तीनगर

तुमची गाथा तीनदा मोठ्यानं वाचली. सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं?

प्रश्नाचं माझ्यापुरतं सांगते. मनगट कोणी धरतो, पण सुटायचं मलाच असतं. आजोबांनी एकदाही माझ्या वतीनं सोडवलं नाही. पकड किंचितही ढिली न करता, "पुन्हा" म्हणाले. दर वेळी. वळण लावायला दुसऱ्याचा हात लागला, वळले मीच. याच्यापुढे मला सांगता येत नाही, तुमच्या आजींना आलं असतं.

भांडेवाला_इतवारी

मंडळी, तीन आठवडे झाले, दिवाळीनंतर लग्नसराई होती, दुकान सोडता येईना. हिशोब देतो.

पॅम्प्लेटवाल्याकडे गेलो. ताईंचे तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला म्हणे "मिक्स आहे", दुसऱ्याला भिंतीवरचे फोटो दाखवले, तिसऱ्याला म्हणे "मी आता शिकवतो, शिकत नाही." चिडला नाही, गोड बोलला, पण उत्तर मिळालं. पोरगी तासभर बसली. बाहेर आल्यावर विचारलं, धरलं का कोणी? म्हणे, "नाही बाबा. पण ओरडायला लावलं."

मग ताईंना मेसेज टाकला आणि परवाच्या रविवारी सकाळी साडेसहाला बागेत गेलो. थंडी अशी की बोलताना वाफ निघत होती. ताई, त्यांच्या सासूबाई, इंदोऱ्याचे भाऊ त्यांच्या पोराला घेऊन, आणि विश्वास बसणार नाही, महालचे गडीही आले. म्हणे सहज, इकडून जात होतो. महालातून त्रिमूर्तीनगर, सहज!

सासूबाईंनी पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या आणि पोरीचं मनगट धरलं. पोरीनं सवयीनं ओढलं. "बोटं उघड." उघडली. पुन्हा ओढलं. "पाय टाक माझ्याकडे. मी खात नाही." असं किती वेळा झालं, मी मोजत होतो, नवव्यांदा सुटलं. सुटलं म्हणजे पोरीलाच कळलं नाही, ती रिकाम्या हाताकडे बघत राह्यली. सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा."

मग मला म्हणाल्या, आता तुम्ही धरा. मी धरलं. लगेच सुटली. पोरगी म्हणे, "बाबा, तुम्ही धरलंच नाही." खरंच जोर लागत नव्हता हो. पोरीचं मनगट, एवढंसं. सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "लटकं धरू नका. लटकं धरायला बाप कशाला पाहिजे?" तेव्हा धरलं, दात आवळून. चार वेळा नाही सुटली. पाचव्यांदा डोळ्यांसमोर असा फटकारा आला की मीच मागे बसलो, गवतात, पाटल्या खिशात खणखणल्या. गडी हसले. इंदोऱ्याचं पोरगं हसलं. पोरगी पण हसली.

मनगटावर लाल वळ उठले होते. घरी हिनं खोबरेल तेल लावून दिलं आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

ताई, पुढच्या रविवारी चटई आणू का? दुकानातून मोठी ताडपत्री पण येते. आणि भाचा नाताळात येऊन राह्यला, त्याला घेऊन येऊ का?

तादोत्सू_ते_त्रिमूर्तीनगर

चटई नको, गवत बरं आहे. भाच्याला आणा, फक्त आधी काही सांगू नका. वहिनींनाही आणा. पाटल्या घरी ठेवून या म्हणावं.